माझदा ७८७बी, १:१०, लेगो टेक्निक: साडेबारा स्टडच्या उंचीत काय काय बसवावे?

मोकळा_अ‍ॅक्सल

नमस्कार मंडळी.

माझदा ७८७बी या गाडीचे टेक्निक मॉडेल मी गेले काही महिने स्टुडिओवर (संगणकावर लेगो रचण्याच्या प्रणालीवर) रचतो आहे. १९९१ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी, नारिंगी-हिरव्या रंगाची, ५५ क्रमांकाची ही गाडी येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. जपानी कंपनीचा तो तिथला पहिला विजय होता, आणि पिस्टन नसलेल्या इंजिनाने ती शर्यत जिंकण्याचीही ती पहिलीच वेळ होती. ते चार रोटरचे (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या त्रिकोणी भागांचे) इंजिन मॉडेलमध्ये दिसावे, आणि नुसते दिसू नये तर गाडी टेबलावर ढकलली की फिरावे, अशी माझी इच्छा आहे.

मूळ गाडीची लांबी ४,७८२ मिमी, रुंदी १,९९४ मिमी, उंची १,००३ मिमी आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर) २,६६२ मिमी आहे. एक स्टड म्हणजे ८ मिमी या हिशोबाने १:१० ला लांबी जवळपास ६० स्टड, रुंदी २५, व्हीलबेस ३३ आणि उंची अवघी साडेबारा स्टड येते. रुंदी विषम आल्यामुळे मधोमध एका बीमची (भोकांच्या पट्टीची) जागा मिळते आणि मुख्य अ‍ॅक्सल थेट मध्यरेषेवर टाकता येतो, एवढी एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. बाकी उंचीने जीव नकोसा केला आहे.

मला फिरणारे चार रोटर हवे आहेत, मूळ गाडीप्रमाणे पाच गिअरचा गिअरबॉक्स हवा आहे, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन हवे आहे, स्टिअरिंग चालकाच्या चाकावरूनही आणि छतावरच्या खुंटीवरूनही फिरायला हवे आहे, आणि नाक व शेपटी हे बॉडीचे दोन्ही भाग हाताने उचलून बाजूला ठेवता यायला हवे आहेत. यांपैकी प्रत्येक गोष्ट सुटी बांधून पाहिली की जमते; एकत्र आणली की गिअरबॉक्सचे वरचे अ‍ॅक्सल शेपटीच्या झाकणात घुसतात आणि मागच्या शॉकना (सस्पेन्शनच्या स्प्रिंगना) जागाच उरत नाही. रोटरसाठी एका स्टडचा एक्सेंट्रिक (रोटरचा मध्य शाफ्टपासून बाजूला सरकवणारा भाग) धरला, तर इंजिन गाडीपेक्षा मोठे होऊ पाहते. शिवाय सांगाड्याचा जेवढा भाग प्रत्यक्ष विटांमध्ये बांधून पाहिला आहे, तेवढाही शेपटीकडे खाली झुकतो.

सरळ १:८ वर जावे का? गिअरबॉक्स सोडून द्यावा का? आणि रोटरचे काय करावे? सविस्तर मत दिल्यास आभारी राहीन.

करडी_पिन

टेक्निकच्या मोटारीचे प्रमाण आधी टायर ठरवतो आणि मग आपण त्याला होकार देतो, हे लक्षात ठेवून पाहावे. आपल्याकडे ६८.८ मिमी व्यासाचा आणि ३६ मिमी रुंदीचा टायर आहे, तो १:१० ला ६८८ मिमीचा होतो. ८१.६ मिमीचा टायर १:८ ला सुमारे ६५३ मिमीचा होतो. गाडीचे अगदी बाजूने काढलेले एखादे छायाचित्र घ्या, त्यावर चाकाचा व्यास आणि व्हीलबेस पट्टीने मोजा आणि दोन्हींचे गुणोत्तर काढा. मागच्या चाकाला १:१० चा टायर अधिक जवळचा बसतो असे दिसेल. ग्रुप सीच्या, म्हणजे ७८७बीच्या वर्गातील शर्यतीच्या गाड्यांना मागे भरदार चाके असत, आणि मॉडेलमध्ये ती किंचित जरी बारीक पडली तरी गाडी ओळखू येत नाही.

१:८ ला उंची साडेबारावरून साधारण पावणेसोळा स्टड होते, म्हणजे तीन स्टडची चैन मिळते, हे खरे. पण लांबी ७५ स्टडच्या घरात जाते, रुंदी ३१ होते, आणि तिन्ही दिशांनी सव्वापट वाढल्यामुळे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. कंपनीच्या संचांवरूनही याचा अंदाज येईल. २०२१ ची फेरारी ४८८ जीटीई १,६७७ भागांची आहे, २०२३ ची प्यूजो ९एक्स८ ही १:१० ची हायपरकार १,७७५ भागांची आहे, आणि १:८ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस २,७०४ भागांची होती. सुटे भाग बाहेरून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरले, तर या फरकाचे रुपये किती होतात ते आपणच मांडून पाहा. माझे मत स्पष्टपणे १:१० च्या बाजूने आहे.

आता गिअरबॉक्स. तो काढून टाका.

कारण केवळ जागेचे नाही. हाताने ढकलायच्या मॉडेलमध्ये शक्ती उलटी वाहते, चाकांकडून इंजिनाकडे. इंजिन चाकांच्या तिप्पट वेगाने फिरवायचे ठरवले, तर इंजिनाच्या अ‍ॅक्सलवरचे सगळे घर्षण चाकांना तिप्पट होऊन जाणवते, आणि मधल्या प्रत्येक गिअरजोडीचे स्वतःचे घर्षण त्यात मिळते ते वेगळेच. पाच गिअरच्या पेटीतून एवढा प्रवास करून शक्ती इंजिनापर्यंत पोचते तोवर गुळगुळीत फरशीवर मागची चाके फिरायचे सोडून घसरू लागतात. बघणाऱ्याला दिसतो तो न फिरणारा रोटर. आत दडलेला गिअरबॉक्स कोणालाच दिसत नाही.

नेकारकाठी

मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि पोटापाण्यासाठी खऱ्या गिअरबॉक्सवर काम करतो, त्यामुळे वरचा निकाल वाचून थोडे दुखले; परंतु त्याविषयी नंतर. आधी रोटर, कारण या मॉडेलचे मर्म तिथे आहे आणि त्याचे गणित फार सुंदर जमते.

७८७बीमधील आर२६बी इंजिनाच्या प्रत्येक रोटरची क्षमता ६५४ घनसेंमी होती, आणि चार रोटर मिळून ती सुमारे २.६ लिटर होते. ६५४ हा आकडा माझदाच्या रस्त्यावरच्या १३बी इंजिनाचाच आहे. वांकेल, म्हणजे अशा रोटरच्या इंजिनात एका कक्षाची क्षमता ३ × √३ × रोटरची त्रिज्या × एक्सेंट्रिकचे अंतर × रोटरची रुंदी या सूत्राने निघते. १३बीसाठी त्रिज्या १०५ मिमी, एक्सेंट्रिक १५ मिमी आणि रुंदी ८० मिमी घातली की ६५४ घनसेंमी बरोबर येतात. म्हणजे त्रिज्या आणि एक्सेंट्रिक यांचे गुणोत्तर सात आहे.

हे आकडे दहाने भागा. रुंदी येते ८ मिमी, म्हणजे नेमकी एका बीमची जाडी! या योगायोगावर मी बेहद्द खूश आहे. त्रिज्या येते साडेदहा मिमी आणि एक्सेंट्रिक दीड मिमी. रोटरची टोके ज्या घरात फिरतात ते घर लांब बाजूने २४ मिमी, म्हणजे तीन स्टड, आणि आखूड बाजूने १८ मिमी भरते. दीड मिमीचा एक्सेंट्रिक टेक्निकच्या भागांतून मिळणार नाही. आपण म्हणता तसा एका स्टडचा, म्हणजे ८ मिमीचा धरला, तर सातपटीच्या नियमाने त्रिज्या ५६ मिमी होते आणि घर १२८ मिमी, म्हणजे सोळा स्टड उंच होते. गाडीच मुळी साडेबारा स्टडची आहे. अर्ध्या स्टडचा धरला तरी घर आठ स्टडचे होते. खऱ्याखुऱ्या एक्सेंट्रिकवर घरंगळत फिरणारा रोटर हवाच असेल तर तो वेगळ्या पाटावर मोठा बांधावा आणि गाडीशेजारी ठेवावा. गाडीत त्याचा आग्रह धरू नये.

गाडीत काय करावे? रोटर आपल्याच मध्याभोवती, स्थिर अ‍ॅक्सलवर फिरू द्यावा. मधून अ‍ॅक्सल जाणारा आणि १२० अंशांवर तीन भुजा असलेला जोडतुकडा संचांत मिळतो; असे चार तुकडे एका अ‍ॅक्सलवर ओवून दर दोहोंमध्ये अर्धा बुश (अर्ध्या स्टडची कडी) घाला. चार स्टड रोटरचे आणि दीड स्टड बुशचा, म्हणजे सगळे इंजिन साडेपाच स्टडमध्ये बसते. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण वरचे झाकण उचलून पाहणाऱ्याला रोटरचा त्रिकोणी चेहरा तसाही दिसत नाही, कारण तो गाडीच्या पुढे-मागे तोंड करून असतो. वरून दिसतात ती एकामागोमाग वर येणारी टोके. ती चारही एकदम वर आली तर खेळणे दिसेल. क्रमाने आली तर इंजिन दिसेल.

आणि तो क्रम फुकटात मिळतो. आर२६बीच्या शाफ्टवर चार एक्सेंट्रिक ९० अंशांच्या फरकाने बसवलेले होते. वांकेलमध्ये शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो, आणि तोही त्याच दिशेने. शाफ्ट ९,००० आरपीएमला फिरत असताना रोटर ३,००० लाच फिरत असतो. म्हणून शाफ्टवरचा ९० अंशांचा फरक रोटरवर ३० अंशांचा होतो. आता टेक्निकचा अ‍ॅक्सल पाहा: त्याचा छेद अधिकच्या चिन्हासारखा, त्यामुळे त्यावर कोणताही तुकडा ९० अंशांच्या टप्प्यांनीच फिरवून बसवता येतो. तीस अंश कुठून आणायचे? तीन भुजांचा तुकडा १२० अंश फिरवला की पुन्हा पहिल्यासारखाच दिसतो, म्हणून ९० अंश फिरवलेला तुकडा डोळ्याला उलट दिशेने ३० अंश फिरवल्यासारखाच दिसतो. चार रोटर ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर ओवा. डोळ्याला ते ०, ९०, ६० आणि ३० दिसतील. खऱ्या इंजिनातील चारही अवस्था हुबेहूब हजर होतात, एकही खास भाग न लागता.

वेगाचा हिशोबही सोपा ठेवता येतो. २८ दात्यांच्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या गिअरसंचाला) २० दात्यांचा बेव्हल गिअर लावून तोच अ‍ॅक्सल थेट रोटरमध्ये न्या. चाकाच्या एका फेऱ्यात रोटरचे १.४ फेरे होतात. ६८.८ मिमीच्या टायरचा परीघ सुमारे २१६ मिमी असल्याने गाडी एक मीटर ढकलली की चाके साडेचारच्या आसपास फेरे घेतात आणि रोटर साडेसहा. एवढा वेग डोळ्याला सुखद वाटतो. यापेक्षा जास्त झाला तर टोकांचा क्रम दिसेनासा होतो. समोरच्या पुलीने खऱ्या शाफ्टसारखे रोटरच्या तिप्पट वेगाने फिरावे असे वाटलेच, तर २४ दात्यांच्या गिअरने ८ दात्यांचा फिरवावा. मात्र त्या एका जोडीने दिशा उलटते, म्हणून मध्ये एक तिसरा गिअर घालावा; त्याने दिशा सुधारते आणि गुणोत्तर तेच राहते. प्रत्येक रोटरला तीन, असे बारा स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी दाखवण्याचा मोह मात्र १:१० ला टाळलेला बरा.

गिअरबॉक्सविषयी करडी_पिन यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. पाच गिअर नकोत. पण मागे इंजिनाच्या आणि डिफरन्शियलच्या मध्ये नऊ-दहा स्टडची जागा राहणारच आहे, ती नुसत्या अ‍ॅक्सलने भरणे मनाला पटत नाही. एकच ड्रायव्हिंग रिंग (गिअर अ‍ॅक्सलशी जोडणारी सरकती कडी) ठेवून दोन गिअर करता येतात. १६ दात्यांचा क्लच गिअर (रिंग जोडेपर्यंत अ‍ॅक्सलवर मोकळा फिरणारा) दुसऱ्या १६ दात्यांशी आणि २० दात्यांचा क्लच गिअर १२ दात्यांशी जोडला, तर दोन्ही जोड्या दोन स्टडच्याच अंतरावर बसतात, कारण दोन्हीकडे दात्यांची बेरीज ३२ येते. रिंग एका बाजूला ढकलली की एकास एक, दुसऱ्या बाजूला ढकलली की सुमारे एकास १.६७, आणि मधोमध ठेवली की न्यूट्रल. न्यूट्रल हा यातला खरा लाभ, कारण लहान मुलाने गाडी जोरात पळवली तरी रोटरवर ताण येत नाही. सगळे मिळून एकच जास्तीचा अ‍ॅक्सल, तोही मुख्य अ‍ॅक्सलच्या शेजारी आडवा. त्यामुळे उंची वाढत नाही.

करडी_पिन

न्यूट्रलचा मुद्दा मान्य. दोन गिअर आणि तेही एकाच मजल्यावर असतील, तर माझा आक्षेप नाही. रिंग सरकवणारी दांडी तेवढी बॉडीच्या बाहेर काढू नका. झाकण उघडून बोटाने सरकवावी.

दातेरी_चाक

झुकणाऱ्या शेपटीकडे कोणी वळले नाही म्हणून लिहिते.

आपल्याच आकड्यांत कारण आहे. एकूण लांबी ६० स्टड आणि व्हीलबेस ३३, म्हणजे २७ स्टड चाकांच्या बाहेर लोंबत आहेत. जवळजवळ निम्मी गाडी. अशा सांगाड्यात बीम एकापुढे एक जोडत गेले, तर प्रत्येक सांध्यातील पिनचा सूक्ष्म ढिलेपणा पुढच्या सांध्यात मिसळत जातो आणि टोकाला तो डोळ्यांना दिसण्याइतका होतो. स्टुडिओत हे कळत नाही, कारण तिथे ना वजन आहे ना ढिलेपणा. म्हणून सांगाडा, मागचा सब-फ्रेम आणि सस्पेन्शनचा एक कोपरा एवढे तरी हाताशी असतील त्या रंगांच्या विटांत आधी बांधावे, आणि त्यानंतरच सुट्या भागांची यादी नक्की करावी.

पुष्कळजण सांगाड्याला वरून पाहून मजबुती देतात, म्हणजे जमिनीला समांतर तिरपे बीम टाकतात. त्याने चौकट चेंगरत नाही, पण झुकणे थांबत नाही. झुकणे थांबवायला त्रिकोण उभ्या पातळीत हवा. टेक्निकमध्ये सर्वांत सोयीचा काटकोन त्रिकोण ६-८-१० चा, कारण त्याच्या बाजू म्हणजे ७, ९ आणि ११ भोकांचे बीम, आणि हे तिन्ही नेहमीचे, सगळ्या रंगांत मिळणारे आहेत. ३-४-५ चा त्रिकोण कागदावर लहान दिसतो, पण त्याला ४, ५ आणि ६ भोके लागतात आणि सम भोकांचे साधे बीम सहज हाती येत नाहीत. ६-८-१० चा एक-एक त्रिकोण कॉकपिटच्या मागच्या भिंतीपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे उतरता, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उभा करा. सहाची बाजू भिंतीला, आठची तळाला. ग्रुप सीच्या गाडीत त्या जागी बॉडी छतापासून खाली उतरतच असते, त्यामुळे त्रिकोण झाकणाखाली आपोआप लपतो. गाडी पिळवटत असेल तर कॉकपिटच्या दोन्ही उंबऱ्यांतील बीम वरखाली दोन थरांत घेऊन त्यांची बंद पेटी करावी. दाराच्या खाचेमुळे तिथेच सांगाडा सगळ्यात दुबळा असतो.

मागच्या विंगचे वजन शेपटीच्या पॅनेलवर टाकू नये. विंगचा खांब थेट डिफरन्शियलच्या घरातून वर काढावा आणि शेपटीत त्याच्यासाठी खाच ठेवावी. प्यूजो ९एक्स८ सुरुवातीला मागच्या विंगशिवायच शर्यतीत उतरली होती, त्यामुळे तिच्या संचात हा प्रश्न नव्हता. आपल्याला तो सोडवावाच लागेल. शेपटी उचलल्यावर विंग गाडीवरच उभी राहिली तरी चालेल, किंबहुना ती तशीच राहिलेली मला अधिक पटते.

सस्पेन्शन. साडेसहा स्टडचा शॉक उभा बसवू नका, त्याचे वरचे टोक मडगार्डला भिडते. चाकाचा मध्य जमिनीपासून ३४ मिमीवर आहे आणि मडगार्ड टायरपेक्षा फारसे वर नाही, म्हणजे उभ्या शॉकला जागा नाही हे मोजताच कळते. शॉक आडवा टाका आणि खालच्या विशबोनपासून (चाक धरणाऱ्या भुजेपासून) एक दांडी वर नेऊन ३×५ च्या एल-बीमच्या साहाय्याने त्याला ढकला. एल-बीमच्या दोन भुजा २ आणि ४ स्टडच्या असतात, आणि येथे एक गोष्ट जपावी लागते: दांडी लांब भुजेला आणि शॉक आखूड भुजेला लावला, तर चाक जेवढे हलते त्याच्या निम्माच शॉक दबतो, आणि चाकाला जाणवणारा ताठरपणा निम्मा नव्हे तर चौथाई होतो. गाडी मग पोटावर बसते. उलट बाजूने लावल्यास ताठरपणा चौपट होतो आणि सस्पेन्शन असून नसल्यासारखे होते. मागे पिवळ्या स्प्रिंगचा कडक शॉक, पुढे करड्या स्प्रिंगचा मऊ, आणि एल-बीमची भोके अशी निवडावीत की दोन्ही भुजा समान राहतील. चाकाची हालचाल एका स्टडपेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही. या गाड्या तळाखालच्या हवेच्या बोगद्यांवर चालत, त्यांना जमिनीला चिकटून राहणेच शोभते.

पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टिअरिंगची दांडी विशबोनइतक्याच लांबीची आणि त्याला समांतर ठेवावी, नाहीतर चाक वर-खाली झाले की आपोआप वळते. चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याच्या चाकापासूनचा अ‍ॅक्सल मध्यरेषेवर आणायला दोन युनिव्हर्सल जॉइंट किंवा दोन गिअर लागतील. मी गिअर घेईन. जॉइंट लांबीत जागा खातात. पुढेमागे मोटर बसवायची झाली तर डावीकडची रिकामी बाजू बॅटरीसाठी मोकळी ठेवा, मात्र सहा एए बॅटऱ्यांचे वजन त्या एका बाजूला येते हे स्प्रिंग निवडताना विसरू नका.

हातोडा_नको

रंगाविषयी थोडेसे, कारण पैसे तिथेच जातात.

रेनाउन या कपड्यांच्या कंपनीच्या नारिंगी-हिरव्या रंगसंगतीमुळे ५५ क्रमांकाची गाडी लोकांच्या लक्षात राहिली हे खरे, परंतु नारिंगी आणि हिरवा जिथे तिरप्या चौकटींत एकमेकांना भिडतात ती रेषा टेक्निकच्या पॅनेलांतून काढता येत नाही. ती स्टिकरवरच काढावी लागते, आणि वळणदार पॅनेलवर तिरपा स्टिकर न चुरगळता बसवणे हे संयमाचे काम आहे. नारिंगी पॅनेल बऱ्यापैकी मिळतात. हिरव्या रंगात मात्र अनेक पॅनेल निघालेलेच नाहीत, आणि स्टुडिओत कोणताही भाग कोणत्याही रंगात रंगवता येत असल्यामुळे हे भान सुटते. तो रंग त्या भागात अस्तित्वात नाही अशी सूचना प्रणाली देते. ती बंद करून ठेवू नये.

एक पर्याय सुचवतो. त्याच वर्षी माझदाने आणखी एक ७८७बी उतरवली होती, १८ क्रमांकाची, पांढऱ्या-निळ्या रंगात. ती सहावी आली. गाडी तीच, इंजिन तेच, आणि पांढरे व निळे पॅनेल ढिगाने मिळतात. ८३० किलोच्या हलक्या गाड्या घेऊन माझदा तिथे एक हजार किलोच्या जॅग्वार आणि मर्सिडीजशी झुंजली, आणि माझदाच्या एक नव्हे तर तिन्ही गाड्या पहिल्या आठात आल्या, हे फार थोड्यांना आठवते. सहावी आलेली गाडी मांडून ठेवणाऱ्याकडे पाहुणा निदान दोन प्रश्न तरी जास्त विचारतो.

मोकळा_अ‍ॅक्सल

सर्वांचे मनापासून आभार. १:१० कायम ठेवतो. पाच गिअर रद्द करून नेकारकाठी यांची दोन गिअर आणि न्यूट्रलची मांडणी घेतली आहे, आणि ती खरोखरच एका मजल्यात बसते. चार रोटर ९० अंशांच्या टप्प्यांनी ओवून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवून पाहिला. टोके एकापाठोपाठ अशी वर येतात की घरातले सगळे आळीपाळीने येऊन फिरवून गेले. एक्सेंट्रिकचा विषय मी संपवला.

दातेरी_चाक ताई, त्रिकोण उभे केल्यावर शेपटी सरळ झाली. मात्र डावीकडचा त्रिकोण रिंग सरकवणाऱ्या दांडीला आडवा येत होता, म्हणून दांडी उजवीकडे नेली आहे.

रंगाचा निर्णय अजून झालेला नाही. १८ क्रमांकाचा मुद्दा पटतो, पण नारिंगी रंगाचा मोह सुटत नाही.

एक शेवटची शंका उरते. शेपटीचा भाग दोन बोटांनी उचलता यावा, पण गाडी हातात धरून उलटी केली तरी निसटू नये. आत्ता मी ती चार काळ्या पिनांवर बसवली आहे. ती निघते, परंतु ओढताना मागचे मडगार्ड आधी सुटून हातात येते. तसेच ही शेपटी मागच्या कडेला बिजागरी लावून उघडावी की पूर्णच सुटी ठेवावी?

करडी_पिन

पूर्ण सुटी ठेवावी. रात्री दोन वाजता पिटमध्ये आलेल्या गाडीची शेपटी माणसे उचलून बाजूला नेतात, ती बिजागरीवर टेकवून खाली वाकत नाहीत. शिवाय आपल्या विंगचा खांब मध्ये उभा आहे, त्यामुळे बिजागरीवर फिरणारी शेपटी त्याला अडकेलच.

काळ्या पिनांना घर्षणाच्या कडा असतात, म्हणून चार पिना एकदम सोडवताना लागणारा जोर मडगार्डच्या सांध्यांपेक्षा जास्त होतो. जागा धरून ठेवण्याचे काम आणि निसटू न देण्याचे काम वेगवेगळ्या भागांकडे द्या. पुढच्या कडेला, कॉकपिटच्या भिंतीत, घर्षण नसलेल्या दोन करड्या पिना आडव्या ठेवा. शेपटी मागून पुढे सरकवली की त्या भोकांत शिरतील आणि तिला वर उचलू देणार नाहीत. मागच्या कडेला एकच कुलूप ठेवा: विंगच्या खांबातून आडवा जाणारा तीन स्टडचा अ‍ॅक्सल, ज्याच्या एका टोकाला बुश लावलेला असेल. बुश नखाने ओढला की अ‍ॅक्सल बाहेर येतो, शेपटी एक स्टड मागे सरकते आणि उचलली जाते. मडगार्डवर कुठेच ताण येत नाही. फक्त शेपटी मागे सरकण्यासाठी टायर आणि मडगार्ड यांमध्ये टायरच्या पुढच्या बाजूला आणि खांबाच्या खाचेत एक स्टडची फट ठेवावी लागेल, ती आत्ताच मोजून घ्या. सस्पेन्शन दबलेले असताना मोजा.